हातोडी मारून दगडी पूल कळत नाही

पावसाळा तोंडावर आला की जुन्या पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करा अशी ओरड सुरू होते, आणि ती चुकीची नाहीच. २ ऑगस्ट २०१६ ला इकडे नाशिकला गोदावरीत आपला दुतोंड्या मारुती पाण्यात होता आणि त्याच रात्री तिकडे महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल दोन एसट्या घेऊन गेला, ते कोण विसरेल. पण ऑडिट म्हणून जे चालतं ते बघून कधी कधी डोक्याला हात लावावासा वाटतो.

एका ऑडिट रिपोर्टमध्ये दगडी कमानीवर रिबाउंड हॅमरची रीडिंग पानंच्या पानं दिलेली. अरे बाबांनो, ती हातोडी काँक्रीटची ताकद तपासायला असते! काळ्या दगडावर मारली की रीडिंग भारीच येणार, त्यात काय सिद्ध झालं? कमानीतला दगड चिरडून पूल पडला असं सहसा होतच नाही, कारण दगडावर येणारा दाब त्याच्या ताकदीच्या मानाने किरकोळ असतो. दगडी कमान टिकते ती आकारावर. वरच्या वजनाची दाबाची रेषा, म्हणजे तो भार ज्या वाटेने पायापर्यंत उतरतो ती, कमानीच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे, बस्स. ती रेषा जिथे कडेला जाते तिथे सांधा उघडतो, आणि एक-दोन सांधे उघडले म्हणून कमान पडत नाही, चार ठिकाणी बिजागरीसारखे उघडले की मग मात्र ती कोसळते. हेमन नावाच्या केंब्रिजच्या इंजिनिअरने १९६० च्या दशकात हे गणितात नीट बसवून दिलं. त्यामुळे फट दिसली की लगेच घाबरायचं नाही, ती कुठे आहे, वरून उघडलीय की खालून, आणि मागच्या वर्षीपेक्षा वाढलीय का, हे बघायचं.

नाशिकजवळ गिरणारे साइडला एका ओढ्यावर असाच छोटा पूल आहे, टोमॅटोच्या गाड्या भरभरून जातात त्यावरून. एकेका कमानीचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ६ मीटर, दगडाची जाडी ४५ सेंमी, त्याच्यावर भराव आणि डांबर मिळून आणखी ४५. याला जुनी मेक्सी पद्धत लावतात, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची, ब्रिटिश लष्कराला आपल्या जड गाड्या कुठल्या पुलावरून न्याव्यात हे पटकन ठरवायचं होतं म्हणून निघालेली. जाडी अधिक भराव, त्याचा वर्ग, गुणिले ७४०, भागिले गाळ्याचा १.३ वा घात, सगळी मापं मीटरमध्ये. उत्तर येतं साधारण ५८ टन, म्हणजे पुलाला चालेल असा गाडीच्या आसांवरचा भार. आता रस्तावाल्यांनी लेव्हल करायला वरचा १५ सेंमी भराव खरवडून काढला तर तेच उत्तर ४० वर येतं, कमानीच्या एकाही दगडाला हात न लावता!

आणि खरी मेख पुढे आहे. या ५८ ला आकार, दगड, सांधे यांचे फॅक्टर लावायचे, शेवटी कंडिशन फॅक्टर, म्हणजे पुलाच्या अवस्थेचा गुणक, जो माणूस डोळ्याने बघून ठरवतो. बाकीचे सगळे १ धरले तरी, हा एकाने ०.९ धरला तर ५२ टन, दुसऱ्याने ०.७ धरला तर ४१. म्हणून रिपोर्टमध्ये नुसता आकडा बघू नका, हा फॅक्टर कशावरून धरला ते विचारा, फोटो मागा.

शिवाय हे सगळं गणित पाया जागेवर आहे असं धरून चालतं, पायाबद्दल ते अवाक्षर बोलत नाही. दगडी पुलांचा घात बहुतेक वेळा पुराचं पाणीच करतं, खांबाच्या बुडाशी खड्डा पाडून. आपल्याकडे गोदावरीत बऱ्याच ठिकाणी कातळ उघडा आहे हे नशीब, पण ओढ्यांना तशी खात्री नाही. गिरणारेच्या त्या पुलाखाली उतरलो तर मधल्या खांबाच्या बुडाशी, पाणी येतं त्या अंगाला, गुडघाभर खड्डा, गाळाने अर्धा बुजलेला. शेजारच्या मळ्यातले बाबा म्हणाले, “साहेब, आता काय दिसतंय, पूर ओसरल्या ओसरल्या या, माझी काठी बुडते तिथं.” ही माहिती कुठल्या मशीनने दिली असती सांगा. पूर चालू असताना खड्डा सगळ्यात खोल असतो, आणि आपले इन्स्पेक्शन उन्हाळ्यात!

बाकी नेहमीचंच. बाजूच्या भिंतीत पिंपळ, मुळांनी आणि आत तुंबलेल्या पाण्याने भिंत बाहेर फुगलेली, कमान आणि भिंत यांच्यात बोट जाईल एवढी फट. मूळची बांधणी चुन्यातली, पण कोणीतरी दरजा सिमेंटने भरून टाकल्यात, वरून चकाचक. चुना थोडा हलू देतो, ओल बाहेर सोडतो, सिमेंट दोन्ही अडवतं, मग दगडाची कड फुटते. पाणी जायच्या नळ्याही त्याच सिमेंटने बुजवल्यात, म्हणजे बघा.

मी सांगितलं ते एवढंच की आधी नळ्या मोकळ्या करा, पिंपळ मुळासकट मारा (वरवर छाटला की दुप्पट जोमाने येतो), खांबाच्या बुडाशी दगडी पिचिंग (दगड बसवून संरक्षण) करा, फटींवर खुणा मारून माप लिहून ठेवा. हे होईपर्यंत भरलेले ट्रक दुसऱ्या रस्त्याने. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यांचा विरोध, कारण फेरा पडतो. पिचिंगचं एस्टिमेट गेलंय, मापं मात्र पहिला पूर ओसरला की लगेच घेणार, बाबांना सांगून ठेवलंय.