तुम्ही विचारलंत म्हणून: भट्टीच्या माथ्यावर कोण उभं होतं?

अमेरिकेतली आपली मंडळी हा प्रश्न नेहमी विचारतात: इथले कृष्णवर्णीय कामगार गोऱ्यांच्या मानाने लवकर आजारी पडतात, म्हातारपणी त्यांच्या हाती पैसाही कमी असतो. हे खाण्यापिण्यामुळे होतं, की मुळात रक्तातच काही असतं? पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मिळालेलं आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

पोलादासाठी कोक लागतो. कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा. फळीवर पुस्तकं लावावीत तशा अरुंद, उंच भट्ट्या एकीला एक चिकटून उभ्या असतात. त्यांच्या माथ्यावर भोकं आणि भोकांवर लोखंडी झाकणं. माथ्यावरच्या रुळांवरून कोळशाची गाडी येते, झाकणवाला झाकण काढतो, कोळसा धडधडत खाली पडतो आणि त्याच भोकातून पिवळट धुराचा लोट वर येतो. मग झाकण परत बसवायचं, कडेच्या फटी लिंपायच्या आणि पुढच्या भट्टीकडे वळायचं. पायाखाली इतका ताप असे की बुटांना लाकडी तळवे लावून चालावं लागे. या धुरात डांबराची वाफ असते आणि तिच्यात कर्करोग करणारी रसायनं. ही माथ्यावरची कामं प्रामुख्याने काळ्या माणसांच्या वाट्याला येत.

जे. विल्यम लॉइड या संशोधकाने 1971 मध्ये त्या भागातल्या पोलाद कामगारांच्या नोंदी जागेनुसार वेगळ्या केल्या. पाच वर्षं किंवा जास्त काळ पूर्णवेळ माथ्यावर काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे दहापट निघाले. भट्टीच्या बाजूला काम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं. काळ्या कामगारांमध्ये दिसणारा जास्तीचा कर्करोग त्यांना दिलेल्या जागेतून आला होता. सरकारने 1976 मध्ये भट्टीच्या धुराला मर्यादा घातली: आठ तासांच्या पाळीत दर घनमीटर हवेत सरासरी 150 मायक्रोग्रॅम.

मग ती माणसं दुसऱ्या खात्यात का गेली नाहीत? कारण ज्येष्ठता खात्यापुरती धरली जाई. पंधरा वर्षं भट्टीवर काढलेला माणूस दुसऱ्या खात्यात गेला की तिथे सर्वांत खाली. पगार कमी, आणि मंदी आली की पहिली गच्छंती त्याची. 1974 मध्ये सरकार, नऊ पोलाद कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात न्यायालयामार्फत समझोता झाला, तेव्हा कुठे ही पद्धत मोडू लागली.

आता निवृत्तीचा हिशोब. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या योजनेचं, निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या 35 वर्षांवर ठरतं. 25 व्या वर्षी कामाला लागलेल्या माणसाचं शरीर 57 व्या वर्षी थकलं, तर 32 वर्षांची कमाई आणि तीन शून्यं अशी सरासरी निघते. पूर्ण पैसे 1960 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना 67 व्या वर्षी मिळतात. 62 ला घेतले तर 30 टक्के कपात, तीही जन्मभर. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, 65 ला. अपंगत्वाचा अर्ज मंजूर झाला तरी अपंगत्वाच्या पहिल्या पाच महिन्यांचे पैसे नाहीत, आणि मेडिकेअर सहसा त्यानंतर आणखी 24 महिन्यांनी. म्हणजे औषधाची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच नोकरीबरोबर विमाही गेलेला. कमी कमाईवाल्यांना हे सूत्र झुकतं माप देतं, हे खरं. पण निवृत्तीनंतर मोजकीच वर्षं जगणाऱ्याला त्याचा फायदा किती होणार?

घरकाम करणाऱ्या बायकांना तर सोशल सिक्युरिटीच्या 1935 च्या मूळ कायद्याने बाहेरच ठेवलं होतं, शेतमजुरांनाही. दक्षिणेत या दोन कामांत काळी माणसं फार मोठ्या संख्येने होती. घरकामाला 1951 पासून जागा मिळाली, तीही नियमित काम असेल तरच.

आणि हे तुमच्या घरापर्यंत येतं. न्यू जर्सीत मूल सांभाळायला येणाऱ्या बाई बहुधा कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा दुसऱ्या देशातून आलेल्या असतात, आणि त्यांना पैसे बरेचदा रोख दिले जातात. नियम असा की वर्षाला ठरलेल्या रकमेइतका (2025 साठी ती 2,800 डॉलर होती) किंवा जास्त रोख पगार दिलात तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर भरावंच लागतं, दोघांनी प्रत्येकी 7.65 टक्के. मालक म्हणून कर खात्याकडून ईआयएन क्रमांक काढा, 31 जानेवारीपर्यंत त्यांच्या हातात डब्ल्यू-2, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, द्या, आपल्या कर विवरणाला शेड्यूल एच हा घरकामगारांच्या कराचा फॉर्म जोडा. निवृत्तिवेतनासाठी नोंदलेल्या कमाईवर मिळणारे 40 क्रेडिट लागतात, वर्षाला फार तर चार. म्हणजे किमान दहा वर्षांची नोंद. नोंदच नसेल तर बाईंनी तुमच्याकडे काढलेली वर्षं हिशोबात शून्य धरली जातात. आणि चूक दुरुस्त करायची मुदत साधारणपणे ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवस. तेव्हा त्यांना स्वतःचं सोशल सिक्युरिटीचं खातं ऑनलाइन उघडायला सांगा आणि गेल्या वर्षीचा आकडा तिथे चढला आहे का, हे दोघांनी मिळून पाहा.