शेड्यूल वनवरची जुनी नावं

आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं, दिवाळीनंतर वारले. तेरवी झाल्यावर मी संस्थेच्या खात्यावरची सही बदलायला बँकेत गेले. साहेबांनी एवढंच विचारलं, "नवीन अध्यक्षांचं नाव शेड्यूल वनवर चढलं आहे का?" शेड्यूल वन म्हणजे धर्मादाय कार्यालयातली संस्थेची अधिकृत नोंद, तिच्यात विश्वस्तांची नावं असतात.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात संस्थेचं वाचनालय आणि संध्याकाळची अभ्यासिका आहे. शिकवणाऱ्या दोन मुलींचं मानधन त्याच खात्यातून जायचं. मी आठ वर्षं सचिव होते, पण धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनची नक्कल एकदाही काढली नव्हती. ती हातात आली तेव्हा पोटात गोळा आला. त्यावर सात नावं होती. त्यांतले तिघं वारलेले, एक पुण्याला मुलाकडे. माझं नाव त्यात नव्हतंच.

महाराष्ट्रात आपल्यासारख्या बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. या दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्या निवडणुका दर पाच वर्षांनी गावासमोर, नीट झाल्या होत्या. कळवल्या मात्र एकदाही नव्हत्या. मला वाटलं, आताची कार्यकारिणी दाखवली की झालं. वकील म्हणाले, "ताई, मधली पायरी गाळता येत नाही." राहिलेल्या तिन्ही निवडणुकांचे तीन वेगळे बदल अर्ज, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज.

त्यासाठी जुनी ठराव वही हवी होती. आम्ही वाचनालयाची कपाटं उपसली, काकाजींची पेटी पाहिली. शेवटी आधीच्या कोषाध्यक्षांच्या घरी गेले. त्यांना जाऊन सहा वर्षं झालीत. काकू म्हणाल्या, "थे वही का? माह्यापाशीच हाय. ह्यायनं सांगतलं होतं, कोनाले देऊ नको." तुरीच्या कोठीवर लाल कापडात बांधलेली वही त्यांनी माझ्या हातात दिली. त्या वहीनं संस्था वाचवली, असं मी आजही मानते. प्रत्येक सभेची हजेरी, सूचक, अनुमोदक, सह्या आणि अंगठे, सगळं त्यात होतं.

एका निवडणुकीच्या सभेची नोटीस पोचल्याचा पुरावा तेवढा नव्हता, आणि संस्थेच्या घटनेत तर १५ दिवस आधी लेखी नोटीस म्हटलेलं. मग जुन्या सभासदांची शपथपत्रं करावी लागली. ऐन कापूस वेचणीचे दिवस. एका मावशीनं दिवसाची मजुरी सोडून माझ्यासोबत एसटीनं यवतमाळ गाठलं आणि अंगठा दिला. परतताना तिकिटाचे पैसेसुद्धा तिनं मला देऊ दिले नाहीत.

ऑनलाइनचं कामही तिथंच अडलं होतं. आयकर पोर्टलचा ओटीपी काकाजींच्या मोबाइलवर जायचा. नातवानं सिम जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. आता ईमेल आणि मोबाइल संस्थेचे आहेत आणि पासवर्ड दोघांकडे असतो. ठराव त्याच आठवड्यात स्कॅन होऊन गूगल ड्राइव्हवर जातो. सभेचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, पण नोटीस वही घरोघर फिरवून सह्या घेणं सोडत नाही; सुनावणीत तीच कामी येते. देणगीची पावती फाडतानाच पॅन लिहून घेतो, कारण ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकर नोंदणी, असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचा फॉर्म १०बीडी ३१ मेपर्यंत भरायचा असतो. मे महिन्यात देणगीदारांना पॅन मागत फिरणं फार जड जातं. दोन हजारांवरची रोख देणगी आली, तर करसवलत मिळणार नाही हे आधीच सांगतो. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवर पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार लागतात. आमच्या दोघांच्या नावांचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं निघालं, ते आधी दुरुस्त केलं.

तिसऱ्या अर्जावर आदेश झाला तेव्हा सव्वा वर्ष उलटून गेलं होतं. तोवर दोघी मुलींनी मानधनाशिवाय अभ्यासिका उघडी ठेवली. त्यातली एक पुढं वर्ध्याला नोकरीला गेली. नवीन शेड्यूल वनची नक्कल घेऊन मी बँकेत गेले, सह्यांचे नमुने दिले. पहिले दोन चेक त्या दोघींच्या थकलेल्या मानधनाचे लिहिले. वर्ध्याचा चेक मी स्वतः नेऊन दिला.