एक हात मोकळा: क्रूझसाठी भरलेली कॅमेऱ्याची पिशवी

आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. जिना, उंच पायरी, हलती फळी असं काही आलं की तिला शेजारच्याचा दंड धरावा लागतो. मावशी तशी धडधाकट, पण बहिणीला मागे ठेवून पुढे जाणारी नाही. मुंबईहून कोची, तिथून लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि परत मुंबई, अशी क्रूझ आम्ही तिघींनी ठरवली तेव्हाच कॅमेऱ्याबाबत माझी अट पक्की झाली: माझा एक हात सगळा वेळ आईसाठी मोकळा राहिला पाहिजे. आणि फोटो तर मला हवेच होते. समुद्रावरचा उजेड कॅमेऱ्यात धरायची इच्छा माझ्या मनात कित्येक वर्षं होती.

माझी नेहमीची बॅग हिवाळ्यात भिगवणला पक्षी टिपायला जाते ती. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवत गेले. निकॉन डी750 बॅटरी-कार्डासकट 840 ग्रॅम. 24-120 लेन्स 710 (लेन्सचे हे आकडे मिलिमीटरमधले; आकडा जितका मोठा तितकी लांबची गोष्ट जवळ दिसते). 70-300 लेन्स 745. म्हणजे ट्रायपॉड, चार्जर, फ्लॅश यांतलं काही न घेताच 2 किलो 295 ग्रॅम. भिगवणला हे वजन जाणवत नाही, कारण तिथे नावेत बसूनच काम होतं. इथे मात्र दिवसभर गळ्यात कॅमेरा, खांद्यावर बॅग आणि दंडाला आई.

आमच्या छायाचित्रण मंडळातल्या एका काकांकडे ओएम-5 होता आणि त्यांना तो द्यायचाच होता. ही मूळची ऑलिंपसची जातकुळी; 2021 पासून ते कॅमेरे ओएम सिस्टम या नावाने येतात. याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, मायक्रो फोर थर्ड्स मापाची, 17.3 बाय 13 मिलिमीटर. डी750 सारख्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 बाय 24, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास चौपट. सेन्सर लहान म्हणून त्यावर चित्र पाडणारी लेन्सही लहान करता येते, आणि सगळी बचत तिथे होते. 14-150 ची एकच लेन्स फुल फ्रेमच्या 28-300 इतकं दृश्य देते आणि तिचं वजन 285 ग्रॅम. सोबत 17 मिलिमीटर एफ 1.8 ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली पण जास्त उजेड आत घेणारी लेन्स, 120 ग्रॅम. कॅमेरा बॅटरी-कार्डासकट 414. तिन्ही मिळून 819 ग्रॅम. लेन्स न लावलेला माझा जुना कॅमेराच, बॅटरी-कार्डासकट, याहून जड आहे. काट्यावरचा तो आकडा पाहिला आणि त्याच संध्याकाळी काकांना फोन केला.

यात काही सोडावं लागतं, ते स्पष्ट सांगते. कमी उजेडात लहान सेन्सरवर रवा, म्हणजे फोटोतले दाणेदार ठिपके, लवकर येतो. ढोबळमानाने दोन स्टॉपचा फरक धरायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पार्श्वभूमीही तितकी विरघळत नाही. पण क्रूझवर दिवसा उजेडाची कमतरता नसते आणि समुद्राचे फोटो खोलवर स्पष्टच हवे असतात. रात्रीच्या कामाला एफ 1.8 ची लेन्स होती.

फोन पुरेसा नाही का, असं मावशीने विचारलं होतं. जेवणाच्या टेबलावरचे फोटो, व्हिडिओ, घरी लगेच पाठवायचं काही, यासाठी फोन उत्तमच आणि मी तो भरपूर वापरला. पण भर दुपारी डेकवर फोनच्या पडद्यावर काही दिसत नाही. तिथे डोळा लावायला व्ह्यूफाइंडर लागतो. आणि लांबच्या गोष्टीसाठी लेन्सची खरी झूम लागते.

निघण्याआधी हा सगळा संच घेऊन भिगवणला गेले. उजनीच्या पाणफुगवट्यात कुंभारगावहून नाव घेतली आणि मुद्दाम एका हाताने काम करून पाहिलं. तिथे कळलेली गोष्ट कुठल्याही तपशील-तक्त्यातून लक्षात आली नसती: या कॅमेऱ्याचं चालू-बंद करायचं बटण वरच्या बाजूला डावीकडे आहे. उजव्या हाताने कॅमेरा धरला तर तो सुरू करायला डावा हात लागतोच. त्यावर उपाय असा काढला की सकाळी एकदा कॅमेरा चालू करायचा आणि स्लीपची वेळ एक मिनिटावर ठेवायची. मग शटरचं बटण अर्धं दाबलं की तो जागा होतो. बॅटरी थोडी जास्त जाते, म्हणून तीन घेतल्या. झूमची रिंगसुद्धा डाव्या हातानेच फिरते. म्हणून नियम केला: चालताना लेन्स 14 वर, आई कुठे टेकली की मगच लांबची झूम. रोहित पक्ष्यांचा थवा 150 ला छान भरला. एकटा पक्षी मात्र लहानच येतो. क्रूझसाठी तेवढं चालणार होतं.

पिशवीचा शोध सगळ्यांत जास्त रमवणारा होता. दुकानातल्या कॅमेरा-बॅगा कॅमेरा-बॅगांसारख्याच दिसतात आणि रिकाम्या असतानाही जड असतात. माझ्याकडे जाड खादीची जुनी शबनम होती. कप्पे असलेला फोमचा पॅड वेगळा मिळतो, तो तिच्यात बरोबर बसला. सदाशिव पेठेत आमचे कपडे अल्टर करून देणारे काका आहेत. त्यांच्याकडून तिला वर चेन बसवून घेतली आणि पट्टा तिरका घालता येईल इतका लांब करून घेतला. तिरका पट्टा महत्त्वाचा. एका खांद्यावरची पिशवी वाकताना घसरते आणि ती सावरायला नेमका मोकळा हात जातो. गळ्यातला पट्टा काढून टाकला आणि उजव्या मनगटाला बांधायची दोरी लावली.

बाकी सामान थोडकं, पण प्रत्येक वस्तूला कारण होतं. 58 मिलिमीटरचा पोलरायझर, पाण्यावरची चमक काढायला. मऊ सुती फडकी, तीही वापरून मऊ झालेल्या मलमलीची. हवा मारायचा रबरी फुगा. पिशवी अख्खी आत जाईल अशी पाणबंद गुंडाळी-पिशवी, कारण अगत्तीला छोट्या बोटीतून उतरायचं असतं. मोठ्या झिपच्या प्लास्टिक पिशव्या. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा. चार्जर घेतला नाही. हा कॅमेरा केबलनेच चार्ज होतो. केबल मात्र जुन्या मायक्रो यूएसबीची लागते, फोनची टाइप-सी चालत नाही, म्हणून तशा दोन घेतल्या. जहाजावर तशी केबल मिळेलच याची खात्री कोण देणार!

ट्रायपॉड घरी ठेवला आणि त्याबद्दल मला जराही शंका नव्हती. जहाजाचं इंजिन सतत चालू असतं. त्याची थरथर डेकमधून ट्रायपॉडच्या पायांत आणि पायांतून कॅमेऱ्यात जाते. शिवाय जहाज डुलतं. ताऱ्यांचा पाऊण मिनिटाचा फोटो तिथे निघतच नाही, तारे रेघोट्या होतात. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरतं, जहाजाचं डुलणं नाही. रात्री मी कठड्यापासून दूर, भिंतीला पाठ टेकून, प्राइम लेन्सने आणि वाढवलेल्या आयएसओने, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता वाढवून, फोटो काढले. शरीर थोडी थरथर पिऊन टाकतं. ड्रोनला जहाजावर परवानगी नव्हती आणि लॅपटॉपची गरज नव्हती. या कॅमेऱ्यात कार्ड एकच बसतं, म्हणून रोजचं कार्ड वेगळं ठेवलं. रात्री फोनला कार्ड-रीडर जोडून सगळं छोट्या एसएसडीवर उतरवायचे आणि ती एसएसडी मावशीच्या पर्समध्ये जायची, म्हणजे कार्डं आणि प्रती एका जागी नाहीत.

डेक्कन क्वीनने सकाळी सव्वासातला पुण्याहून निघालो. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर जवळच आहे. तिथे मोठ्या बॅगा जमा होतात आणि केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात, तेव्हा औषधं, कागदपत्रं आणि कॅमेरा अंगावरच ठेवायचे. बंदराच्या आवारात आणि नौदलाच्या जहाजांच्या दिशेने कॅमेरा काढायचा नाही, हे दोन्ही बंदरांत पाळलं. मुंबईतून बाहेर पडताना कुलाब्याच्या टोकापुढचा 1875 सालचा प्राँग्ज दीपगृह दिसला. तो मी आईला खुर्चीत बसवून, दोन्ही हातांनी, सावकाश टिपला.

एक गोष्ट आधीच ठाऊक असली तर खूप धावपळ वाचते. मुंबईहून दक्षिणेला जाताना पश्चिम उजव्या हाताला असते, म्हणून सूर्यास्त जहाजाच्या उजव्या बाजूने; परतताना डाव्या बाजूने. आई सारखी इकडून तिकडे चालू शकत नाही. त्यामुळे आम्ही दुपारच्या चहालाच योग्य बाजूच्या खुर्च्या धरायचो.

दुसरी गोष्ट धुक्याची. केबिन एसीने थंडगार, बाहेर दमट उष्ण हवा. थंड लेन्स बाहेर नेली की तिच्यावर क्षणात वाफ धरते. पुसली तर पुन्हा धरते, आणि तेव्हा लेन्स बदलली तर ओल आत सेन्सरपर्यंत जाते. म्हणून कॅमेरा केबिनमध्येच झिपच्या पिशवीत बंद करायचा, तसाच डेकवर न्यायचा आणि बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा. वाफ पिशवीवर धरते, काचेवर नाही. पहाटेच्या फोटोसाठी यात अर्धा तास जातो, तेवढं लवकर उठायचं. त्या अर्ध्या तासात आईचा चहा होत असे.

खाऱ्या वाऱ्याचा थर डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की चिकट लागतो. रोज संध्याकाळी आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि लेन्सची नळी पुसायची, मग कोरड्याने. थेट कोरडं फडकं मारलं तर मिठाचे कण घासले जातात. 14-150 लेन्स आणि हा कॅमेरा तुषार-धुळीपासून बंद आहेत, पण 17 ची प्राइम तशी नाही. ती फक्त आतल्या कामाला आणि वारा पडलेल्या रात्रीला वापरली.

आता उडणाऱ्या माशांबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाच्या पुढच्या भागात, कठड्याशी, मावशी ओरडली, "अगं ते बघ, पक्षी पाण्यातनंच निघाले!" ते मासे होते. जहाजाच्या लाटेला बिचकून ते पाण्याबाहेर झेपावतात, पंखांसारखे पर ताणून पाण्यालगत तरंगत जातात आणि लाटेत नाहीसे होतात. 150 वर लेन्स, शटर 1/2000 सेकंद, ओळीने फोटो. मासा दिसल्यावर कॅमेरा उचलून काही उपयोग नाही, तो तोवर गेलेला असतो. लाट जिथे फुटते त्या पट्ट्यावर कॅमेरा लावून वाट पाहायची. बहुतेक फ्रेम रिकाम्या आल्या. पण एकीत निळाशार मासा, पर पूर्ण उघडलेले, शेपटीने पाण्यावर रेघ ओढत चाललेला आहे. एवढ्या एका फोटोसाठीसुद्धा मी हा सगळा खटाटोप पुन्हा करेन. त्या वेळी आई माझ्या शेजारी उभी होती आणि तिचा हात माझ्या दंडावर होता. दोन किलोच्या संचाने ते झालं नसतं.

कोचीत आम्ही टॅक्सी करून फोर्ट कोचीला गेलो. सेंट फ्रान्सिस चर्च 1503 सालचं. 1524 मध्ये वास्को द गामाला आधी इथेच पुरलं होतं. आत प्राइम लेन्स पुरली. किनाऱ्यावरची चिनी जाळी मात्र 14 वर टिपायची, इतकी ती मोठी आहेत. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लटकवलेले धोंडे, आणि माणसं दोर ओढून तो सगळा सांगाडा उचलतात. त्यांच्याशी बोलून, विचारून फोटो काढले. त्यांनी आईलाही दोराला हात लावू दिला.

अगत्तीला जहाज प्रवाळभिंतीच्या बाहेर थांबतं, कारण आतलं सरोवर उथळ आहे. तिथून छोट्या बोटीत उतरायचं. बोट वरखाली होत असते, खलाशी आपला हात कोपराजवळ धरतात आणि बजावतात: दोन्ही हात मोकळे ठेवा. माझी पिशवी पाणबंद गुंडाळीत, तिरकी, पाठीवर होती. आधी मावशी, मग आई, मग मी. आमच्या मागच्या एका गृहस्थांची मोठी कॅमेरा-बॅग खलाशांना हातोहात पुढे द्यावी लागली.

पोलरायझरची खरी किंमत तिथे कळली. सूर्य बाजूला ठेवून, म्हणजे त्याच्याशी साधारण काटकोनात उभं राहून, फिल्टर हळूहळू फिरवला की पाण्यावरची पांढरी चमक विरत जाते आणि खालचं प्रवाळ दिसायला लागतं. दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो, पण अगत्तीच्या दुपारी उजेड उतू जात असतो. मी आईच्या डोळ्याला व्ह्यूफाइंडर लावून दिला आणि फिल्टर तिलाच फिरवायला लावला. तिने बराच वेळ कॅमेरा परत दिला नाही.

घरी आल्यावर सगळं पुन्हा ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसलं, पोलरायझर गोड्या पाण्यात धुतला आणि कॅमेरा, लेन्सा ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात, 45 टक्के आर्द्रतेवर ठेवल्या. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि समुद्रावरून आलेल्या लेन्सला तर नाहीच. पिशवी धुतली, फोमचा पॅड उन्हात वाळवला. 20 मेगापिक्सेलच्या फाइलमधून 12 बाय 16 इंचाचा प्रिंट व्यवस्थित निघतो. उडत्या माशाचा तसा एक मावशीने कोथरूडच्या घरी लावला आहे. डी750 मी विकलेला नाही. भिगवणला एकट्या पक्ष्यासाठी तो लागणारच. पुढच्या क्रूझला मात्र 17 च्या लेन्ससाठी 46 मिलिमीटरचा संरक्षक फिल्टर घेईन, आणि मायक्रो यूएसबीची तिसरी केबल.