टेस्ट सगळे हिरवे, आणि दऱ्यांचा झाला दर्या

पॅच, म्हणजे कुणीतरी कोडमध्ये सुचवलेला बदल, रिव्ह्यू करायचा म्हणजे डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) वाचायचा असं बरेच जण धरून चालतात. पण डिफ काय दाखवतो, बदललेल्या ओळी आणि त्यांच्या वरखाली तीन-तीन ओळी, बस्स. भानगड बहुतेक वेळा त्या तीन ओळींच्या पलीकडं बसलेली असते.

आमचा एक छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, गावच्या वाचनालयांसाठी पुस्तकांची यादी ठेवायचा. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच कपाटात मराठी पण असतात आणि कन्नड पण, त्यामुळं दोन्ही लिप्या सांभाळाव्या लागतात. आणि पुस्तकांची नावं टाइप करत कोण बसतंय, व्हॉट्सॲपवरनं उचलायचं आणि पेस्ट करायचं, मग त्यातनं न दिसणारी अक्षरं आत शिरतात आणि पुस्तक यादीत डोळ्यासमोर दिसत असून सर्चला सापडत नाही. खानापूरकडच्या एका पोरानं, इंजिनिअरिंगला आहे, यावर पॅच पाठवला. अगदी थोड्या ओळी. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, ज्यांना फॉरमॅट कॅरेक्टर म्हणतात ती न दिसणारी अक्षरं सगळीच्या सगळी काढून टाकायची. कोड स्वच्छ, टेस्ट हिरवे, म्हणजे कोड आपोआप तपासणारे सगळे टेस्ट पास.

मी आधी ग्रेप मारला, म्हणजे सगळ्या फाइलींत नाव शोधलं, हे फंक्शन (कोडचा हा तुकडा) कुठनं कुठनं कॉल होतंय बघायला. सर्चमध्ये होतंय हे त्याला माहीत होतं. पण तेच फंक्शन पुस्तक सेव्ह करताना पण चालतं, आणि ते दुसऱ्या फाइलमध्ये, म्हणजे डिफमध्ये ते दिसायचा प्रश्नच नाही. आता कुणी जुनी नोंद उघडून नुसतं सेव्ह दाबलं तरी मूळ नाव गुपचूप बदलणार, आणि एकदा गेलेलं अक्षर परत आणायचं कुठनं?

बरं, ती अक्षरं सगळी कचरा असती तर चाललं असतं. पण मराठीतला तो आडवा अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो. एक, ऱ म्हणजे ०९३१ आणि त्याला हलन्त. दुसरी जुनी पद्धत, साधा र, हलन्त आणि मागं झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे २००डी, न दिसणारं जोडायचं अक्षर. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम. जॉइनर काढला की अर्ध्या र चा रफार होतो, गोऱ्हे आडनावाचं गोर्हे होतं आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा थेट दर्या. कन्नडमध्ये नॉन-जॉइनरची, म्हणजे अक्षरं जोडू न देणाऱ्या न दिसणाऱ्या अक्षराची, तीच गत, राजकुमार लिहिताना ज आणि क वेगळे राहतात ते त्याच्यामुळं, तो काढला तर दोन्ही जोडाक्षरात अडकतात.

मेसेज केला तर पोरगं म्हणतंय, "पण सर, टेस्ट सगळे पास होवालेत की वो." होवालेत, खरंय, कारण आमच्या टेस्टमध्ये असला एकही शब्द नव्हता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, मापात बसला तरी असेंब्लीत घालून बघितल्याशिवाय कोण सोडत नाही, तसंच आहे हे.

यात नवं काहीच नाही. २०१४ ला हार्टब्लीड नावाचं भगदाड गाजलं, ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा मजकूर एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्ररीतलं, तो कोड २०११ च्या ३१ डिसेंबरला आत गेला होता, रिव्ह्यू होऊन. लिहिलेल्या ओळी ठीकच दिसायच्या, समोरच्यानं सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासणारी ओळच नव्हती, आणि त्यातनं एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जायची. नसलेली ओळ डिफमध्ये हिरवी-लाल कशी दिसणार? २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण तर त्याच्यावर कडी. विषारी भाग टेस्टच्या बायनरी फाइलींमध्ये लपवलेला, आणि तो चालू करणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे सगळे बघतात त्या कोडमध्ये, नाहीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायला बांधलेल्या गठ्ठ्यात. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिन (दुसऱ्या मशीनवर लांबनं शिरायचं) अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून!

असो, आपलं प्रकरण साधं आहे, पोराचा हेतू पण चांगला. म्हणून मी चूक-बरोबर काही लिहिलं नाही, एवढंच लिहिलं की जॉइनरवाला "दऱ्या" घेऊन एक टेस्ट लिही आणि सेव्ह करून बघ काय बाहेर येतंय. (काही मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, दोन शब्द लिहून पॅच बंद करतात, काही महिनोन्महिने उत्तरच देत नाहीत, दुसरी जात जास्त वाईट, माणूस परत फिरकतच नाही.) रात्रीच उत्तर आलं, "होय की सर, दर्या झाला!"

दुसरी आवृत्ती चांगली आली. सेव्ह केलेला मजकूर जसाच्या तसा राहतो, सर्चसाठी वेगळी की, म्हणजे नावाची शोधण्यापुरती प्रत, बनते, तीत आधी जुन्या पद्धतीचा र नव्या ऱ मध्ये बदलायचा आणि मग उरलेली न दिसणारी अक्षरं काढायची. क्रम उलटा केला की परत दर्या, म्हणून तिथं कॉमेंट टाकायला लावली. शिवाय त्याच्या एडिटरनं अख्खी फाइल फॉरमॅट केलेली, स्पेस वगळून डिफ बघितला तेव्हा कुठं खरा बदल हाताला लागला, ते फॉरमॅटिंग वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या वेगळ्या नोंदीत, काढायला सांगितलं, थोडं कुरकुरला पण केलं.

मराठीचा भाग मर्ज केलाय, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलाय. कन्नडचे टेस्ट शब्द त्याचा रूममेट काढून देणार आहे, तो धारवाडचा, ते आले की रिलीज काढू.