क्रॉस ट्रेनरवरची तीस मिनिटं : माझा अनुभव

उभ्यानं पायांनी पेडल फिरवायची आणि हातांनी दांडे ढकलायचे-ओढायचे, असं हे मशीन. जिममध्ये याला इलिप्टिकल क्वचितच कुणी म्हणतं, क्रॉस ट्रेनरच म्हणतात. पहिली चूक चढतानाच होते. वरच्या पेडलवर पाय दिला की ते वजनानं झपकन खाली येतं आणि तोल जातो. मी मधला स्थिर दांडा धरते, आधी खालच्या पेडलवर पाय ठेवते, मग वरच्या. उतरताना मशीनच्या आतलं जड चाक पूर्ण थांबू देते.

अनेक मशिनना प्लगच नसतो. पाय फिरायला लागले की स्क्रीन उजळतो. तिथे आपलं वजन भरावं, नाहीतर मशीन स्वतःच एक आकडा धरून कॅलरी मोजतं. भरलं तरी तो अंदाजच, आणि बऱ्याचदा फुगलेला.

खरी गोम लेव्हलमध्ये, म्हणजे पेडल फिरवायला किती जड ठेवलंय त्यात आहे. लेव्हल १-२ वर चाकाला एकदा गती आली की तेच पायांना फिरवतं. घाम येतो, पण मांड्यांना काम फारसं होत नाही. कंबर वरखाली उसळायला लागली आणि स्क्रीनवर मिनिटाला १६० च्या पुढे पावलं दिसली, की समजावं लेव्हल कमी आहे. मी ५ मिनिटं ३ वर, २० मिनिटं ७-८ वर मिनिटाला १३० पावलांच्या आसपास, शेवटची ५ पुन्हा ३ वर करते. मशीन बदललं की हे आकडेही बदलतात, म्हणून श्वासावरून ठरवावं: छोटं वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

दहाएक मिनिटांनी पायाची बोटं बधिर होतात, ही अगदी नेहमीची तक्रार. चालताना पाऊल उचललं जातं, इथे ते पेडलवरून सुटतच नाही आणि सगळा भार चवड्यावर राहतो. त्यात लेस घट्ट असेल तर झालंच! चवड्यावरची लेस सैल करावी, टाच टेकवून ढकलावं, बुटातल्या बुटात बोटं हलवावीत. मिनिटभर उलटं फिरवलं तरी भार सरकतो. मात्र तेव्हा मांडीच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्याला जास्त ताण येतो, म्हणून गुडघा दुखरा असेल तर उलटं नको.

पावलं पेडलच्या आतल्या कडेला ठेवावीत, म्हणजे पाय फाकत नाहीत. दांड्यावर रेलू नये, अंगाचं वजन हातांवर जातं. हलते दांडे नुसते धरून ठेवू नयेत, ढकलावेत आणि ओढावेतही.

प्रत्येक फेरीला एकाच जागी ‘टक’ वाजत असेल तर बहुधा पेडलचा बोल्ट ढिला असतो. तसंच रेटू नये, लगेच ट्रेनरला सांगावं.