स्नॅपशॉटआधीची तयारी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. रात्रपाळीतही गोदामातून नोंदी येत राहतात, त्यामुळे सर्व्हर बंद ठेवून बॅकअप घेण्याची सोय नाही. स्टोरेजचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, घेणे एवढाच मार्ग उरतो. तो क्षणात होतो हे खरे, परंतु त्या क्षणी डिस्कवर जेवढे उतरले असेल तेवढेच त्यात येते; मेमरीत थांबलेल्या नोंदींचा त्याला पत्ताच नसतो. असा स्नॅपशॉट परत चढवणे आणि वीज अचानक गेल्यावर सर्व्हर सुरू करणे, यांत फरक नाही.

मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमधील इनोडीबी प्रकारची टेबले रीडू लॉगच्या, म्हणजे बदलांच्या डिस्कवरील नोंदवहीच्या, आधारे अशा धक्क्यातून सावरतात. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरची काही टेबले मात्र मायआयसॅम प्रकारची आहेत आणि त्यांना ही सोय नाही. गेल्या वर्षी चाचणीसाठी स्नॅपशॉट चढवला, तेव्हा जावक चलनांचे टेबल ‘क्रॅश्ड’ दाखवू लागले. दुरुस्त करून उघडले, तर शेवटची काही चलने नव्हती. चूक माझीच होती.

आता मी आधी डेटाबेसवर एखादी लांबलेली क्वेरी (माहितीची मागणी) चालू नाही ना, हे पाहतो. कारण ती संपेपर्यंत ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ ही सर्व टेबलांवरचे लिहिणे थांबवणारी कमांड अडून राहते आणि तिच्यामागे नव्या नोंदींची रांग लागते. लॉक मिळाले की ते सेशन, म्हणजे डेटाबेसशी जोडलेले कनेक्शन, उघडेच ठेवावे लागते. स्क्रिप्टने कमांड देऊन कनेक्शन बंद केले, तर लॉकही त्याच वेळी सुटते, आणि माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये नेमके हेच होत होते. त्यानंतर ‘एफएसफ्रीझ’ या लिनक्सच्या कमांडने डेटाची फाइल सिस्टीम गोठवतो, म्हणजे उरलेसुरले डिस्कवर उतरते आणि नवे लिहिणे थांबते. (एलव्हीएम ही लिनक्सची डिस्क-व्यवस्था स्नॅपशॉट घेताना हे गोठवणे स्वतःच करते, पण बाहेरच्या स्टोरेजला फाइल सिस्टीमची माहितीच नसते.) रूट, म्हणजे खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमची, फाइल सिस्टीम मात्र कधीही गोठवू नये, कारण मग ती सोडवण्याची कमांड चालवणारी शेलच अडकू शकते. स्नॅपशॉट फसला तरी फाइल सिस्टीम मोकळी होईल, अशी तजवीज स्क्रिप्टमध्ये ठेवली आहे. डेटा आणि लॉग वेगळ्या व्हॉल्यूमवर (स्टोरेजच्या स्वतंत्र भागांवर) असल्याने दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी, गट करून घेतो. मगच आधी फाइल सिस्टीम आणि नंतर लॉक सोडतो.

दर रविवारी सकाळी ताजा स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर चढवून मी पहिले ‘चेक टेबल’ चलनांच्याच टेबलावर चालवतो.