आप्पा आणि काचेतला मांजऱ्या

शिर्डीला जाता-येता सिन्नरच्या ‘गारगोटी’ या खनिज-संग्रहालयाची पाटी दिसायची आणि दर वेळी "पुढच्या खेपेला बघू" म्हणून गाडी पुढे जायची. या वेळी सासऱ्यांना घेऊन थांबलेच. आप्पांनी उभी हयात विहिरींची कंत्राटं घेतली. दगड बघायला तिकीट काढायचं, हेच मुळी त्यांना पटेना.

आत मी गुंगले ते ओकेनाइट नावाच्या खनिजापाशी. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे केसाळ गोळे, थेट फुटलेल्या बोंडातला कापूस. बोट लावायचा मोह होतोच, पण ते तंतू इतके नाजूक की एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. शेजारी पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट. स्टिलबाइटच्या पांढऱ्या स्फटिकांवर गर्द निळे, बारीक सुयांचे झुबके. इतका निळा रंग खडीच्या खाणीतून निघतो, हे वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला सांगूनही खरं वाटायचं नाही.

आप्पा मात्र स्फटिकांकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष भोवतीच्या दगडावर. "सूनबाई, हा तर आपला मांजऱ्या!" मांजऱ्या म्हणजे विहीर खोदताना लागणारा भोकाभोकांचा दगड.

आणि मग गाइडची गरजच उरली नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले. निवता निवता त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडाला भोकं पडली. हे मी फलकावर वाचत होते. पुढचं आप्पांनी सांगितलं. वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. मांजऱ्या कुजलेला, चिरा पडलेला असला तर विहिरीला पाणी. पण भोकं गच्च भरलेली निघाली की मालकाचं तोंड उतरायचं. पाण्याला जागाच नाही!

ती भोकं भरतात याच स्फटिकांनी. दगडातून गरम पाणी फिरलं, सिलिका-कॅल्शियम विरघळवत गेलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक धरले. म्हणजे मी ज्याला "अहाहा" करत होते, त्यावर आप्पांच्या माणसांनी सुरुंग लावून शिव्या घातल्या होत्या. निघालेलं सगळं बांधावर.

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो खोदतानाही असे स्फटिक निघाले आणि साहेबांनी ते उचलून विलायतेला नेले. आमच्याकडे त्यांची भर पडली रस्त्यात.

जळगावच्या हिरव्या अपोफिलाइटसमोर आप्पा थोडे रेंगाळले. चौकोनी, टोकाला निमुळते, काचेसारखे स्वच्छ खडे. "हे बरं आहे," एवढंच म्हणाले. बाहेर विक्रीच्या काउंटरवर एका तुकड्याची किंमत ऐकून मात्र त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

खालच्या वावरात बोअर घ्यायचं घरात चाललंय. परतताना गाडीत त्यांनी नवऱ्याला फोनवर बजावलं, "बोअरमधून वर येणाऱ्या चुरीवर लक्ष ठेव. पांढरं फार यायला लागलं तर आधी मला बोलाव, मगच पुढचे पाइप टाकायचे."